सात महिने तू अडकली नव्हतीस

पत्र (थोडं कापलंय, आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

"मावशी, नमस्कार. मी ४३ वर्षांची, इंदूरला राजेंद्र नगरमधे राहते, नोकरी विजय नगरला. मागच्या वर्षी गुढीपाडव्याला माझं वजन ८४ होतं, उंची ५ फूट २. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.३ आला, डॉक्टर म्हणाले आता तरी मनावर घ्या, वर गुडघे दुखायचे. या फेब्रुवारीत भाचीचं लग्न होतं, तेही डोक्यात होतं. चालायला लागले, रात्रीचा भात सोडला, गोड बंद केलं आणि लग्नापर्यंत ७१ वर आले. एचबीए१सी पण ५.८ झाला. लग्नात सगळे म्हणाले अगं ओळखलंच नाही तुला. त्यानंतर मार्च ते सप्टेंबर काटा हललाच नाही, ७०.५, ७१.५, परत ७१. मला ६० व्हायचंय, माझ्या लग्नात मी ६० होते. मग गणपती, नवरात्र, दिवाळी झाली आणि भाऊबीजेनंतर बघते तर ७३.५. तेव्हापासून काट्यावर उभीच राहिले नाही. चालणं आठवड्यातून दोनदा होतं, तेही कसंबसं. जावेने इंजेक्शन घेऊन पाच महिन्यांत १२ किलो घालवले. सासूबाई म्हणतात पुरे झालं आता, चेहरा पार उतरलाय. मिस्टर काहीच बोलत नाहीत, ते साडेनऊला घरी येतात आणि मग जेवणं. सकाळी चहाबरोबर थायरॉईडची गोळी घेताना रोज ठरवते की आजपासून नीट करायचं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलेलं असतं, मग स्वतःचाच राग येतो. मोटिवेशन कुठून आणू?"

अगं, तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबले. मार्च ते सप्टेंबर काटा हललाच नाही, असं लिहिलंयस, आणि असं लिहिलंयस की त्या सात महिन्यांत तू काहीच केलं नाहीस. ८४ वरून ७१ वर आणलेलं शरीर तू सात महिने ७१ वर ठेवलंस गं! मधे आंब्याचा सीझन आला, पाहुणे आले, पावसाळ्यातला भुट्ट्याचा कीस आला, श्रावणातले उपास आणि उपासाची ती जिरावण भुरभुरलेली साबुदाण्याची खिचडी आली, एवढं सगळं आलं नि गेलं आणि काटा अर्धा किलो इकडे नाहीतर तिकडे. वजन उतरवणारे मी खूप बघितलेत, पण उतरवलेलं सात महिने तसंच ठेवणारे फार थोडे भेटतात, आणि तू ते केलंस तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून तुलाही ते दिसलं नाही.

आता काटा का थांबला तो हिशेब सांगते, कारण तो एकदा डोक्यात बसला की स्वतःवरचा निम्मा राग जाईल. शरीर हलकं झालं की त्याला चालायला, उभं राहायला, नुसतं झोपायलासुद्धा कमी ऊर्जा लागते. तू ८४ ची असताना जेवढं चालायचीस तेवढंच ७१ ची असताना चाललीस तर त्यात जवळजवळ १५ टक्के कमी कॅलरी खर्च होतात, रस्ता तोच, वेळ तोच, घामही तोच. केविन हॉल नावाचे अमेरिकेतले संशोधक आहेत, त्यांनी बरीच वर्षं हेच मोजलंय, ते म्हणतात कमी झालेल्या दर किलोमागे रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरीने उतरतो आणि भूक मात्र साधारण १०० कॅलरीने वाढते. तू १३ किलो उतरवलेस, म्हणजे तुझा रोजचा खर्च अंदाजे ३२५ कॅलरीने खाली आला. आणि एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, त्या हिशेबाने महिन्याला सव्वा किलो उतरायला रोज किती कमी पडायला हवं? तेवढंच, सव्वातीनशेच्या आसपास. म्हणजे ज्या जेवणावर मागच्या वर्षी तू दर महिन्याला सव्वा किलो उतरत होतीस, तेच जेवण, तेवढंच चालणं आता तुला बरोबर जागेवर ठेवतं. तू ढिली पडली नव्हतीस, हिशेब बदलला होता, आणि हे तुला कोणी सांगितलंच नाही.

भुकेचं पण तसंच आहे. २०११ साली मेलबर्नच्या डॉक्टरांनी ५० जणांचा एक अभ्यास छापला होता, त्यांचं वजन दहा आठवड्यांत सरासरी साडेतेरा किलो उतरलं, जवळपास तुझ्याएवढंच, आणि मग वर्षभराने त्यांचं रक्त परत तपासलं तर भूक वाढवणारे हार्मोन्स अजून चढलेलेच होते आणि पोट भरल्याचा निरोप देणारे अजून खालीच. वर्षभराने! शरीराला भाचीचं लग्न कळत नाही, एचबीए१सी कळत नाही, त्याला एवढंच कळतं की साठा कमी झालाय आणि तो परत भरून घ्यायचाय. त्यामुळे संध्याकाळी सहा वाजता ऑफिसातून निघताना तुला जी खा-खा सुटते ना, तिचा तुझ्या स्वभावाशी, तुझ्या निश्चयाशी काही संबंध नाही. ती भूक खरी आहे, तिला खायलाच द्यायचंय, काय द्यायचं ते पुढे सांगते.

मोटिवेशन कुठून आणू विचारलंस. मागच्या वर्षी ते कुठून येत होतं ते बघ आधी. डॉक्टरांनी दाखवलेली भीती होती, लग्नाची तारीख होती, दर महिन्याला काटा खाली जात होता, आणि लोक बोलत होते. चारही गोष्टी बाहेरच्या आणि चारही संपल्या. रिपोर्ट सुधारला म्हणून भीती गेली, लग्न पार पडलं, काटा थांबला आणि लोकांना तुझ्या नव्या रूपाची सवय झाली. लोकांचं कौतुक बदलाला असतं, तू ७१ वर सहाव्या महिन्यातही टिकून आहेस म्हणून चिंतामण गणपतीला भेटलेली बाई थांबून काही बोलणार नाही. मिस्टर बोलत नाहीत त्यात पण मला वाईट काही दिसत नाही, त्यांना रोज समोर दिसणारी बायको बारीक झालेली वेगळी कळत नसेल, तू एकदा सरळ सांग त्यांना की मला तुमच्याकडून चार शब्द ऐकायला आवडतील. मागून मिळालेलं कौतुक पण कौतुकच असतं, त्यात कमीपणा नाही काही.

तर मला वाटतं तू आता वजन कमी करणं थांबव. हो, खरंच म्हणतेय. पाडव्यापर्यंत तुझं काम एकच, आहे तिथे राहायचं. ६० चा आकडा त्या दिवसापर्यंत कपाटात ठेवून दे. ६० चूक आहे असं मी म्हणत नाही, आपल्या भारतीय शरीरांसाठी बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या, मर्यादा जरा खालीच धरतात आणि कमरेचा घेर बायकांचा ८० सेंटीमीटरच्या आत असावा असं सांगतात, त्यामुळे अजून थोडं उतरलेलं तुला चांगलंच आहे. पण आत्ता तू दमली आहेस आणि दमलेल्या माणसाने अजून ११ किलोचं ओझं डोक्यावर घेऊन रोज सकाळी उठायचं म्हटलं तर तो अलार्म बंदच करणार.

हे माझ्या मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात २६७ बायकांवर एक प्रयोग झाला होता, २०१२ च्या सुमाराला छापून आला. निम्म्या बायकांना नेहमीसारखं आधी वजन उतरवायला लावलं आणि मग ते राखायचं कसं ते शिकवलं. उरलेल्या निम्म्यांना उलटं, पहिले आठ आठवडे त्यांना वजन उतरवायला मनाईच होती, नुसतं आहे तेवढं ठेवायचं, ठरलेल्या दोन आकड्यांच्या पट्ट्यात, आणि त्यात बारीकसारीक गोष्टी शिकायच्या, लग्नकार्य आलं तर काय, बाहेरगावी गेलं तर काय, आवडीचा पदार्थ किती खाल्ला तर चालतो. मग वीस आठवडे उतरवायचं. दोन्हीकडच्या बायकांचं वजन साधारण सारखंच उतरलं, पण वर्षभराने बघितलं तर नेहमीच्या पद्धतीवाल्यांचं सव्वातीन किलो परत आलं होतं आणि आधी राखायला शिकलेल्यांचं दीड किलोच्या आसपास. तू तर हे सात महिने नकळत केलंयस, आता कळून करायचं.

पट्टा ठरव, ७२ ते ७५. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, काट्यावर उभी राहा आणि आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिही, बास. पाळीच्या आधी एखाद-दोन किलो वर दिसेल, ते पाणी असतं, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. शनिवारी रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू, कचोरी झालं असेल तर रविवारी किलोभर जास्त दिसेल, ते पण बरंचसं मिठाने धरून ठेवलेलं पाणी. तुझ्या ७३.५ मधे पण सगळी चरबी नाहीये. अडीच किलो चरबी चढायला १९ हजार कॅलरी वरच्या खाव्या लागतात, थोडं खरं असेल आणि थोडं मीठ-साखरेने अडवलेलं पाणी असेल, त्यामुळे या रविवारी घाबरू नकोस, उभी राहा. काट्यावर न जाणं हेच सगळ्यात महाग पडतं, कारण तीन आठवडे न बघितलेला आकडा मनात पाच-सहा किलोचा होऊन बसतो आणि मग वाटतं आता काय, गेलंच सगळं. लागोपाठ दोन रविवार ७५ च्या वर गेलं तर काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेव, म्हणजे त्या दिवशी रडत बसायला नको. मी दोनच गोष्टी सांगेन, डायनिंग टेबलवरचा शेवेचा डबा माळ्यावर आणि संध्याकाळचं खाणं पक्कं. आकडा परत आत आला की डबा परत खाली.

शेवेचं मुद्दाम लिहितेय. इंदूरच्या घरात शेव भाजीत पडते, पोह्यावर पडते, वरणभाताबरोबर पडते, आणि टीव्ही बघताना नुसती पण जाते, आणि कोणी ती खाल्ली असं धरतच नाही. नाक्यावर पोहे घेताना बघ कधी, पोहे वाफेवरचे, त्यात तेल तसं बेताचंच, भैया प्लेट भरतो, वरून कांदा, जिरावण, लिंबू, इथपर्यंत सगळं ठीक, मग तो हात शेवेच्या परातीत जातो आणि एक मूठ पडते, आपण म्हणतो और थोडा, आणि दुसरी मूठ पडते. एका मुठीत दीडशे कॅलरी सहज जातात. त्यामुळे रविवारचे पोहे सोडू नकोस, जलेबी पण सोडू नकोस, घरातल्या सगळ्यांबरोबर उभं राहून खायचा तो आनंद आहे तो ठेव, फक्त शेव एकच मूठ आणि जलेबीचं एक वेढं, आणि ते सावकाश खा, गिल्ट न घेता. गोड बंद असं तू मागच्या वर्षी केलंस, लग्नापर्यंत निभलं, पण आयुष्यभर गोड बंद राहणार नाही आणि मग दिवाळीत अनारसे समोर आले की एक खाल्ल्यावर वाटतं मोडलंच, तर आता खाऊनच टाकू. मोडण्यासारखं काही ठेवूच नकोस. जास्त खाल्लं गेलं तर पुढचं जेवण नेहमीचं, सोमवारची वाट बघायची नाही, दुसऱ्या दिवशी उपाशी तर अजिबात राहायचं नाही.

खरी गडबड तुझ्या संध्याकाळी होतेय असं मला वाटतं. एक-दीड वाजता डबा खाल्ला की साडेनऊपर्यंत आठ तास! मधे ऑफिसातला चहा-बिस्किट, घरी आल्यावर फरसाण, मुलाला वाढताना त्याच्या ताटातलं उरलेलं, पातेल्यात राहिलेली दोन डाव भाजी कुठे टाकायची म्हणून तीही, सगळं ओट्याशी उभ्या उभ्या, आणि मग साडेनऊला यांच्याबरोबर परत पूर्ण पान. आपल्या बायका जेवतात किती विचारलं तर ताटातलं सांगतात, ओट्यावरचं सांगत नाहीत. तू सात वाजता नीट बसून जेव, ताट वाढून घेऊन, पोळी, भाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, दही. मिस्टर आले की त्यांच्याबरोबर बस, गप्पा मार, ताक घे, सूप घे, काकडी खा. पहिला आठवडा ते विचारतील तू का जेवत नाहीस, मग सवय होईल. आणि निघताना पर्समधे भाजलेले चणे, नाहीतर एक उकडलेलं अंडं खात असशील तर ते, सहा वाजताच्या भुकेला हे द्यायचं. आपल्या जेवणात प्रोटीन फार कमी पडतं, आणि वजन कमी होताना स्नायू पण जातात, ते गेले की खर्च अजून घटतो. म्हणून आठवड्यातून दोनदा थोडी ताकद लागेल असं काहीतरी कर, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून पुशअप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन. जिमच पाहिजे असं काही नाही.

चालण्याची वेळ बदल. डिसेंबरात सकाळी साडेपाचला रजईतून बाहेर निघायचं आणि मग दिवसभर त्यावरून स्वतःला बोल लावायचे, हे कशाला? तुझं ऑफिस विजय नगरला आहे ना, मेघदूत गार्डन तिथेच आहे, सुटल्यावर अर्धा तास तिथे चालून मग घरी नीघ, तेवढ्यात रस्त्यावरची गर्दी पण जरा ओसरते. रविवारी पिपल्यापाल्याला रीजनल पार्कमधे जा, सगळे मिळून. आठवड्याला दीडशे मिनिटं जमली तर खूप झालं, दहा हजार पावलं वगैरेच्या मागे लागू नकोस, तो आकडा १९६० च्या दशकात जपानमधे पावलं मोजायचं यंत्र विकताना प्रसिद्ध झाला, डॉक्टरांनी ठरवलेला नाही. ज्या दिवशी चाललीस त्या दिवशी कॅलेंडरवर एक फुली मार. हे पोरकट वाटेल, पण मागच्या वर्षी खाली जाणारा काटा तुला जे देत होता ते आता त्या फुल्या देतील. सवय लागायला किती दिवस लागतात यावर लंडनमधे ९६ लोकांवर काम झालंय, सरासरी ६६ दिवस निघाले, कोणाला १८ लागले तर कोणाला २५० च्या वर, आणि मधे एखादा दिवस चुकला तर सवयीवर काही परिणाम दिसला नाही. तेव्हा एक फुली राहिली म्हणून पान फाडू नकोस.

आणि काट्याशिवाय पण बरंच काही झालंय ते बघ. गुडघे दुखायचे असं लिहून तू पुढे गेलीस, आता दुखतात का ते लिहिलंच नाहीस, म्हणजे बहुधा तुझ्याच लक्षात राहिलं नसेल. गुडघेदुखीच्या लोकांवर मोजमाप करून बघितलंय की एक किलो वजन कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. आज ७३.५ ला सुद्धा तू साडेदहा किलो खाली आहेस, म्हणजे प्रत्येक पावलाला ४२ किलो. घरच्या गॅसच्या सिलेंडरमधे १४.२ किलो गॅस असतो, तसे जवळपास तीन सिलेंडर. साखरेचं पण सांगते, चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी तुझ्यासारख्याच, काठावर असलेल्या ५३१ लोकांचा अभ्यास केला होता, २००६ साली छापून आला, त्यात जेवण आणि चालणं सुधारलेल्यांमधे डायबिटीस होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांहून जास्त कमी झालं, आणि त्यांच्या वजनात म्हणावा असा फरक पडलाच नव्हता. काटा न हलता! म्हणजे तुझं मेघदूतला चालणं रक्तात काम करतच असतं, आकडा काही का दाखवेना.

सासूबाईंना उलट उत्तर देऊ नकोस, त्यांना खरंच काळजी वाटत असेल, त्यांच्या वेळी बारीक होणं म्हणजे आजारपण. त्यांना सांग, आई, आता कमी नाही करत आहे, आहे तेवढंच ठेवायचंय, आणि त्यासाठी तुमच्या हातची मटकीची उसळ मला आठवड्यातून चार दिवस पाहिजे. मोड आणणं, भिजत घालणं हे त्यांच्याकडे दे. त्यांना तुला खाऊ घालायचंय, तुला प्रोटीन पाहिजे, भांडायला जागाच राहत नाही.

जावेचं. इंजेक्शन म्हणजे फसवणूक नव्हे, ते औषध आहे, डॉक्टरांनी तिला दिलं असेल तर तिचं भलं होवो, आणि तुलाही कधी गरज वाटली तर शरीराची लाज न धरता डॉक्टरांना विचारायचं, मेडिकलवाल्याला नाही. पण तिच्या पाच महिन्यांशी आपलं दीड वर्ष मोजू नकोस. अशा इंजेक्शनांमधल्या सेमाग्लुटाइड नावाच्या औषधावर जो मोठा अभ्यास झाला त्यात इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी साधारण दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. म्हणजे राखायचं काम तिलाही आहे, आणि त्यात तुझा अनुभव तिच्यापेक्षा जास्त आहे. दोघी मिळून चालायला जाता आलं तर बघ, एकाच घरातल्या दोघींना एकमेकींची फार मदत होते.

स्वतःचा राग येतो लिहिलंस त्याची मला काळजी वाटली. दिवसभर राग, रात्री झोप लागत नाही, आवडीच्या गोष्टीत पण मन लागत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते डॉक्टरांना सांग, त्यात मोटिवेशनचा काही संबंध नसतो, त्याला वेगळा इलाज असतो. थायरॉईड बिघडलं तरी असंच थकल्यासारखं आणि उदास वाटतं.

आणि त्यावरूनच, तुझ्या पत्रात तू सहज लिहून गेलीस की गोळी सकाळी चहाबरोबर घेतेस. हे उद्यापासून बदल. ती गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा नाही, कॉफी नाही, काही नाही, नाहीतर ती अंगात नीट शोषली जात नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर पाहिजे. रात्री पाण्याचा ग्लास आणि गोळी उशाशी ठेव, उठल्या उठल्या घे, आवरून होईपर्यंत चहाची वेळ होतेच. सहा ते आठ आठवडे असं घेऊन मग टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घे, सोबत एचबीए१सी पण कर, आणि डॉक्टरांना आवर्जून सांग की आधी चहाबरोबर घेत होते आणि मधल्या काळात दहा-अकरा किलो वजन उतरलंय, कारण या दोन्हीमुळे डोस बदलावा लागू शकतो. मनाने कमी-जास्त करू नकोस. रिपोर्ट आले की मला लिही, ६० चं काय करायचं ते आपण पाडव्याला बघू.